उघड्या पानांचा धडा : पडद्यावरचा पोकर पाहून खेळ येतो का?

आपल्याकडच्या बहुतेक विद्या पाहून शिकल्या जातात. धानाची रोवणी कुणी वर्गात बसवून शिकवत नाही. बांधीत उतरलेली पोर आईच्या हाताकडे पाहते आणि दोन-तीन हंगामांत तिचा हात आपोआप चालू लागतो. भाकर थापणे, भजनातला टाळ, दंडारीतली पावले, साऱ्यांचे तसेच. त्यामुळे 'पाहत राहा, येईल' हा सल्ला आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण या साऱ्या विद्यांत एक गोष्ट सारखी आहे. जे शिकायचे ते डोळ्यांना दिसते. रोवणीत झाकून ठेवण्यासारखे काही नसते.

पत्त्यांच्या खेळाचे तसे नाही. तिथे जे शिकायचे तेच मुळी दिसत नाही. समोरच्याच्या हातात काय असेल, तो आत्ता थांबला तो का, त्याने पैसे वाढवले ते जोरावर की हूल म्हणून, या अंदाजावर सगळा खेळ उभा असतो. मग 'पाहत राहा, येईल' हा नियम इथे कितपत लागू पडतो? या लेखात तो प्रश्न पोकर या एका खेळापुरता तपासायचा आहे.

पवनीसारख्या तालुक्याच्या गावी बसून पोकरवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही वाचक विचारतील. प्रयोजन साधे आहे. रोवणी आटोपल्यावर, पोळ्याला आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत आमच्या भागात पत्त्यांचा फड जुनाच. मेंढीकोट घरात, तीनपत्ती घराबाहेर. मोबाइल आल्यावर या फडाशेजारी एक नवा फड बसला, तो पाहणाऱ्यांचा. लास वेगासच्या मेजावरचे डाव इथल्या पानठेल्याशेजारी बसून पाहिले जातात. पाहणारी मुले हुशार आहेत, त्यांना संज्ञा पाठ आहेत, आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य सारखे येते : 'पाहून पाहून आता समजते.' माझ्या ओळखीच्या एका तरुणाने हेच वाक्य म्हणत, धानाचे चुकारे खात्यात जमा झाले त्याच आठवड्यात त्यातला मोठा हिस्सा मोबाइलवरच्या मेजावर घालवला. तो मूर्ख नव्हता. त्याला खरोखरच काहीतरी समजत होते. काय समजत होते आणि काय नव्हते, एवढेच शोधायचे आहे.

झाकलेले पान उघडे झाले

पडद्यावर जो पोकर बहुधा दिसतो त्याचे नाव 'टेक्सास होल्डम'. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मेजावर सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात : आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक. आपली दोन आणि मेजावरची पाच, अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच वरचढ, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून बाहेर पडायचे. तीनपत्तीतली 'चाल', 'पॅक' आणि 'शो' ज्याला ठाऊक आहेत त्याला हा व्यवहार परका वाटत नाही.

लास वेगासमध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' ही स्पर्धा १९७० पासून भरते. त्याच दशकात ती अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवायला सुरुवात झाली, पण लोकांना तिची फारशी गोडी लागली नाही. काही माणसे गप्प बसलेली, पाने उपडी, मध्येच एक जण पाने फेकतो. यात पाहायचे काय? ही अडचण ज्याने सोडवली तो हेन्री ओरेनस्टीन मूळचा पोलंडचा ज्यू. नाझींच्या छळछावण्यांतून वाचून तो अमेरिकेला गेला आणि खेळण्यांच्या धंद्यात नावारूपाला आला. खेळाडूची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मेजाचे पेटंट त्याला १९९५ मध्ये मिळाले. १९९९ मध्ये ब्रिटनच्या 'चॅनेल फोर'वर 'लेट नाइट पोकर' सुरू झाले. त्यात मेजाला काच बसवून खालून पाने टिपली जात. २००३ मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड पोकर टूर' आली आणि त्याच वर्षी 'वर्ल्ड सिरीज'च्या प्रक्षेपणातही झाकली पाने दिसू लागली.

पुढचे आकडे बोलके आहेत. २००३ च्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. ती जिंकली ख्रिस मनीमेकर या टेनेसीतल्या लेखापालाने. शंभर डॉलरहून कमी प्रवेशशुल्काच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो तिथवर पोचला होता आणि त्याला २५ लाख डॉलर मिळाले. २००४ मध्ये खेळाडू झाले २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. म्हणजे तीन वर्षांत दसपटीहून अधिक. हे सगळे एकट्या कॅमेऱ्याने केले असे नाही. ऑनलाइन पोकरचा प्रसार आणि मनीमेकरची कथा यांचाही त्यात वाटा होता. पण पाहणाऱ्याला मेजावर आणून बसवण्याचे काम प्रक्षेपणाने केले, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नावर : बसवल्यावर त्याला खेळता येत होते का?

एक गाजलेला डाव

उदाहरणादाखल २००३ च्या अंतिम फेरीतला तो प्रसिद्ध डाव घेऊ. मेजावर दोघेच उरले होते, मनीमेकर आणि मुरलेला खेळाडू सॅमी फरहा. मनीमेकरकडे इस्पिकचा बादशहा आणि बदामची सत्ती. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. मेजावरची पहिली तीन पाने : इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फरहाची नव्व्यांची जोडी झाली. चौथे पान आले इस्पिकची अठ्ठी. आता मनीमेकरकडे सहा-सात-आठ-नऊ असा क्रम आणि चार इस्पिके, म्हणजे दोन्हीकडून अर्धवट आशा. पाचवे पान निघाले बदामची तिर्री. दोन्ही आशा संपल्या. मनीमेकरच्या हाती नुसता बादशहा राहिला. आणि त्याने आपल्याजवळची सगळी रक्कम पुढे सरकवली. फरहाने बराच विचार केला आणि पाने टाकली. समालोचकाने या हुलीला शतकातली सर्वोत्तम म्हटले.

ज्या प्रेक्षकाने हे पाहिले त्याने काय शिकावे? बहुतेकांनी शिकले ते असे : हिंमत करा, समोरचा घाबरतो. पडद्यावर फरहा फसलेला दिसतो, कारण मनीमेकरच्या हाती काही नाही हे आपल्याला दिसत असते. आता क्षणभर मनीमेकरची दोन पाने हाताने झाका आणि फरहाच्या खुर्चीत बसा. मेजावर तीन इस्पिके आहेत, म्हणजे ज्याच्या हातात दोन इस्पिके त्याचा रंग पूर्ण. सहा-आठ-नऊ आहेत, म्हणजे सत्ती-दश्शी किंवा सत्ती-पंजी असणाऱ्याचा क्रम पूर्ण. दोन जोड्या, तीन सारखी पाने यांच्याही शक्यता आहेत. या साऱ्यांपुढे नव्व्यांची जोडी हरते. ज्या हातांपुढे ती जिंकते ते हातही आहेतच. किती तसले आणि किती असले, हा माणूस आजवर कुठल्या हातावर असे पैसे लावत आला आहे, आणि आत्ता हरलो तर काय उरते, हा फरहापुढचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर 'पाने टाका' असे निघाले तर त्यात वेडेपणा नाही.

म्हणजे एकाच डावात दोन वेगळे धडे होते. कॅमेऱ्याने दाखवलेला धडा धाडसाचा. मेजावरचा धडा शक्यता मोजण्याचा. पहिला डोळ्यांसमोर होता, दुसरा पाने झाकल्याशिवाय दिसतच नव्हता.

टक्केवारी कुणाची?

पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक खेळाडूसमोर जिंकण्याची टक्केवारी लिहून येते. एकाकडे दोन एक्के, दुसऱ्याकडे दोन बादशहा असतील तर पहिल्यासमोर सुमारे ८२ आणि दुसऱ्यासमोर सुमारे १८ दिसतात. गणित बिनचूक आहे. पण हा आकडा कुणाचा? एक्केवाल्याला समोर बादशहा आहेत हे ठाऊक नाही, बादशहावाल्याला समोर एक्के आहेत हे ठाऊक नाही. मेजावर बसलेल्या एकाही माणसापाशी ८२ हा आकडा नसतो. तो फक्त घरी बसलेल्या माणसासाठी तयार केलेला असतो. तो रोज पाहून प्रेक्षकाला वाटू लागते की आपल्याला शक्यता कळतात. त्याला कळलेली असते ती उत्तरपत्रिका.

दुसरी अडचण संकलनाची. तासन्‌तास चाललेल्या खेळातून तासाभराचा कार्यक्रम काढायचा तर रंगतदार डावच ठेवावे लागतात. पोकरमधला चांगला खेळाडू बहुतेक वेळ पाने टाकत असतो; खेळाचा सर्वांत मोठा भाग हाच. नेमका तोच कापला जातो. दोन एक्के हाती येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. तासाला ३० डाव धरले तर सात तासांहून अधिक वाट पाहावी लागते. पडद्यावर ते तासात दोनदा दिसू शकतात. असे वर्षभर पाहणाऱ्याच्या मनात खेळाचे जे चित्र तयार होते त्यात कंटाळा नावालाही नसतो. मग मेजावर बसल्यावर तिसऱ्या-चौथ्या डावातच त्याचा हात शिवशिवतो.

तिसरी अडचण निकालाची. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचा विषय आपल्याजवळचा आहे, १८१४ चे इंग्रज आणि गुरखे यांचे युद्ध. वाचणाऱ्यांना युद्धाची हकीकत दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा निकाल खरा म्हणून सांगितला. नंतर विचारले, हा निकाल माहीत नसता तर तुम्ही कोणता निकाल किती संभाव्य मानला असता? प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला निकालच अधिक संभाव्य वाटला. निकाल कळला की तो आधीपासून दिसतच होता असे मनाला वाटू लागते. पोकर खेळणाऱ्या आणि मानसशास्त्र शिकलेल्या ॲनी ड्यूक यांनी निर्णयाची पारख त्याच्या निकालावरून करण्याच्या या खोडीवर २०१८ च्या आपल्या पुस्तकात पुष्कळ लिहिले आहे. चांगला निर्णय घेऊनही पाचांतून एकदा हरावे लागते आणि वाईट निर्णय घेऊनही कधी जिंकता येते, हे पचवणे हाच पोकरचा पहिला पाठ. निकालासाठी रंगवलेला कार्यक्रम तो पाठ उलटा करतो.

चौथी गोष्ट आत्मविश्वासाची. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. कुणाला नाचातली एक घसरती चाल, कुणाला नेमबाजीचा खेळ अशा गोष्टी चित्रफितीत दाखवल्या. काहींना एकदा, काहींना वीसवेळा. वीसवेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असे अधिक वाटले. प्रत्यक्ष करायला लावले तेव्हा एकदा पाहणाऱ्यांपेक्षा ते काही सरस ठरले नाहीत. आणखी एका प्रयोगात, जे साधन वापरायचे ते नुसते हाती धरायला दिले तर हा फाजील विश्वास कमी झाला. वजन हाताला कळले की डोळा नमतो. आमच्या त्या तरुणाचे 'पाहून पाहून समजते' हे वाक्य या प्रयोगांशेजारी ठेवून वाचावे. समज वाढली असे वाटणे खरे होते. वाढला होता तो विश्वास.

नागपूरची लढत आणि पडद्यावरची पट्टी

इथे कुणी म्हणेल, हा दोष पत्त्यांचा आहे. जिथे काही झाकलेले नसते तिथे पाहून शिकता येते. म्हणून बुद्धिबळाकडे वळू. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. निर्णय झाला तो जलद डावांत, हम्पीची घड्याळाशी ओढाताण चालू असताना. त्या विजयाने दिव्या ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. तेव्हा विदर्भात ज्यांनी कधी पट मांडला नव्हता त्यांनीही मोबाइलवर हे डाव पाहिले.

बुद्धिबळात सगळी मोहरी उघडी. तरी प्रक्षेपणात पटाशेजारी एक उभी पट्टी असते. संगणक दर क्षणी सांगत असतो की पारडे कुणाचे जड. पट्टी एकदम खाली आली की घरी बसलेला माणूस ओरडतो, 'चुकली!' ती चूक का, हे विचारले तर उत्तर येत नाही. पट्टीने कळवले म्हणून चूक. ही पट्टी म्हणजे बुद्धिबळातला झाकल्या पानांचा कॅमेराच झाला. मेजावर बसलेल्या दोघींपैकी एकीलाही न दिसणारी गोष्ट ती प्रेक्षकाला फुकट देते, आणि फुकट मिळालेल्या उत्तरामागचा प्रश्न कुणी सोडवत नाही. म्हणजे दोष पत्त्यांचा नाही, बुद्धिबळाचाही नाही. खेळणाऱ्याला जे कष्टाने काढावे लागते ते पाहणाऱ्याच्या ताटात आयते वाढले जाते, दोष तिथे आहे.

आमच्या मेंढीकोटात हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. खेळ चौघांचा, दोन-दोन भिडू, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या पकडायच्या. मेजावर जागा नसलेले पोर मोठ्या माणसाच्या पाठीमागे बसते. ते एकच हात पाहते. बाकी तीन हात त्यालाही झाकलेले. काकांनी हुकूम का राखून ठेवला, हे त्याला तीन हातांनंतर उमगते आणि तेव्हाच ते पक्के होते. याउलट जो चौघांभोवती फिरून सगळ्यांची पाने पाहतो त्याला 'बघ्या' म्हणतात, त्याला बोलायची मनाई असते, आणि त्याचा सल्ला कुणी घेत नाही. पाठीमागे बसलेले पोर वर्षभरात भिडू होते. बघ्या बघ्याच राहतो.

एक वजनदार आक्षेप

या मांडणीवर सर्वांत जड आक्षेप पोकरच्याच शास्त्रातून येतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 'द थिअरी ऑफ पोकर' या ग्रंथात पोकरचा मूलभूत सिद्धान्त सांगितला आहे. त्याचा आशय असा : समोरच्याची पाने दिसत असती तर तुम्ही जसे खेळला असता, त्याहून वेगळे जेव्हा खेळता तेव्हा तुमचे नुकसान, तसेच खेळता तेव्हा फायदा. मग उघडी पाने पाहणे हाच आदर्श अभ्यास नव्हे का? बरोबर खेळ कोणता हे कॅमेरा थेट दाखवतो!

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण तो मोजपट्टी आणि मार्ग यांची गल्लत करतो. उघड्या पानांवरून चूक किती मोठी हे मोजता येते. ती टाळायची कशी हे त्यावरून कळत नाही, कारण टाळायच्या क्षणी पाने झाकलेली असतात. खेळाडूला एका हाताविरुद्ध खेळायचे नसते. समोर असू शकणाऱ्या सगळ्या हातांचा गठ्ठा मनात धरून, त्या गठ्ठ्याविरुद्ध खेळायचे असते. फरहाने त्या डावात एका हाताविरुद्ध चूक केली असेल; गठ्ठ्याविरुद्ध केली की नाही हे कॅमेरा सांगू शकत नाही. स्क्लान्स्कींचा सिद्धान्त खरा आहे, पण तो डाव संपल्यावर ताळा पाहण्यासाठी.

पाहण्याचे फायदे मात्र नाकारता येणार नाहीत. नियम, क्रम, संज्ञा, मेजावरची शिस्त हे सगळे प्रक्षेपण पुस्तकापेक्षा लवकर शिकवते. पैसे किती आणि केव्हा लावले जातात याची नजर येते. अनुभवी समालोचक खेळाडूच्या जागी बसून विचार बोलून दाखवत असेल तर त्याचा उपयोगही होतो. पण ही सगळी मेजावर बसण्यापुरती शिदोरी आहे. मेजावरून केव्हा उठायचे, हे तिच्यात नाही.

ऋतुपर्णाचा बेहडा

या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भाच्या वाटेवर एकदा दिले गेले आहे. महाभारतातल्या वनपर्वात नळाची कथा येते. नळ पुष्कराशी फासे खेळतो आणि हरत जातो. खेळ कित्येक महिने चालतो. पुरजन पाहतात, मंत्री पाहतात, दमयंती पाहते. नळ स्वतः तर सर्वांत जवळून पाहतो. इतके दिवस पाहून कुणालाही फाशांचे मर्म कळत नाही.

पुढे राज्य गेलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे रथ पिटाळत असताना वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नजर टाकून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत म्हणतो. बाहुकाला ते पटत नाही. तो रथ थांबवतो, खाली उतरतो, मोजतो. आकडा जुळतो. मग तो ही विद्या मागतो, बदल्यात घोड्यांची विद्या देतो. त्या विद्येचे नाव अक्षहृदय, म्हणजे फाशांचे अंतरंग. ती मिळताच कली त्याच्या देहातून निघतो, आणि पुढे नळ पुष्कराला हरवून राज्य परत घेतो.

संभाव्यतेच्या इतिहासकारांचे लक्ष या कथेने वेधले आहे. इयान हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे : दोन फांद्यांवरून झाडाचा अंदाज बांधणे आणि जुगाराची विद्या यांचा संबंध त्या काळी कुणाला तरी जाणवला होता. मला या कथेत दिसतो तो शिकण्याचा क्रम. आधी अंदाज, तोही आकड्यात. मग खाली उतरून मोजणी. मग ताळा. झाड आधी तोडून फळे मोजली असती आणि नंतर ऋतुपर्णाने आकडा सांगितला असता तर त्यातून कुणाला काही शिकता आले नसते. पडद्यावरचा पोकर नेमके हेच करतो. फळे मोजून दाखवतो आणि मग अंदाज बांधायला सांगतो.

आणखी एक बारकावा. ही कथा बृहदश्व ऋषी वनवासातल्या युधिष्ठिराला सांगतात, द्यूतात सर्वस्व हरलेल्या माणसाला. पण ते कथा सांगून थांबत नाहीत. शेवटी त्याला अक्षहृदय शिकवतात. नळाची गोष्ट ऐकून युधिष्ठिराला फासे आले असे महाभारत म्हणत नाही. विराटाच्या दरबारात कंक होऊन तो फासे खेळला तो शिकल्यानंतर.

झाकून पाहणे

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे निघते. पडद्यावरचा पोकर पाहून खेळाची भाषा येते, खेळ येत नाही. आणि भाषा आल्यामुळे खेळ आल्याचा भास होतो. तरीही ज्याला पाहून शिकायचेच आहे त्याला एक वाट मोकळी आहे. पाने झाकून पाहायचे. पडद्याच्या ज्या भागात पाने आणि टक्केवारी दिसते तिथे कागदाची पट्टी लावायची. एकच खेळाडू निवडायचा, मेंढीकोटात पोर एका काकांच्या पाठीमागे बसते तसे. प्रत्येक टप्प्यावर चित्रफीत थांबवून वहीत लिहायचे : समोरच्याकडे काय काय असू शकते, त्यातले कुठले अधिक संभवते, मी काय केले असते. मग पट्टी काढायची. असे पन्नास डाव केले की वही सांगते आपल्याला किती कळते. ती बहुधा निराशच करते, आणि तोच तिचा उपयोग.

हे निव्वळ तर्काने सुचलेले नाही. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड हिने २००७ मध्ये १८० खेळाडूंची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पाने जवळजवळ न पाहता जिंकली. एकदाच डोकावून पाहिल्याचे तिने सांगितले. मेजावरची आपली जागा कोणती आणि समोरचे कसे खेळत आहेत, एवढ्यावर लक्ष ठेवून काय साधते हे तिला पाहायचे होते. त्याच वर्षी लंडनला 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोप'ची मुख्य स्पर्धा तिने जिंकली, वयाची १९ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. प्रेक्षकाला सगळी पाने दिसतात आणि खेळ कळत नाही. तिने एका डावात आपलीही पाने पाहिली नाहीत आणि खेळ कळला.

आता कायद्याकडे. आपल्याकडे १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा धरला. या भेदाचा पुढे जाहिरातींनी भरपूर वापर केला. 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे न्यायालयातले वाक्य पडद्यावर आले की ऐकणारा त्याचा अर्थ 'हे कौशल्य माझ्यापाशी आहे' असा घेतो. पण खेळ जितका कौशल्याचा, तितका नवख्याचा पराभव निश्चित. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि मुरलेला सारखेच. पोकरमध्ये मुरलेल्याची कमाई नवख्याच्या खिशातूनच येते, आणि मेज चालवणारा आपला वाटा आधी काढून घेतो. मेजाला सतत नवखे लागतात. नवख्यांना आणणारा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यांना 'आता समजते' असे वाटायला लावणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरवल्या, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. कौशल्य की नशीब हा जुना वाद त्या पुरता बाजूला पडला. मात्र पाहण्यावर कायद्याची बंदी नाही, आणि असूही नये. डाव पाहिले जाणारच आहेत, मंडईतले आणि मोबाइलवरचेही.

म्हणून पालक आणि शिक्षक यांनी 'पाहू नका' म्हणण्यापेक्षा शेजारी बसावे. पान उघडण्याआधी मुलाला विचारावे, आत काय असेल, आणि ते लिहायला लावावे. दहा डावांनंतर बेरीज करावी. ज्याचा अंदाज जुळेल त्याला शक्यतेचे गणित गोडीने शिकवता येईल, आणि ते पीकविम्यापासून औषधाच्या गुणापर्यंत सगळीकडे कामी पडेल. ज्याचा जुळणार नाही त्याला आपण अजून बघेच आहोत हे वहीतून कळेल, खाते रिकामे होण्याआधी.